साडेसहा फुटांवरची जाळी

आखरावर, म्हणजे गावालगतच्या मोकळ्या जागेवर, दोन खांब रोवलेले असतात, मधे व्हॉलीबॉलची जाळी ताणलेली असते. जाळी किती उंच, असं विचारलं तर पोट्टे हात वर करून दाखवतात : एवढी. टेप कोणी लावत नाही. ती 'एवढी' गावातल्या सगळ्यात उंच शूटरच्या, म्हणजे वरून बॉल हाणणाऱ्याच्या, सोयीने ठरलेली असते. चाळिशी ओलांडलेला माणूस ग्राऊंडच्या कडेला उभा राहून स्कोअर मोजतो, फार तर बाहेर गेलेला बॉल पायाने आत ढकलतो. सोयाबीन निघालं, तूर अजून उभी आहे, दिवाळी आटोपली, संध्याकाळी दोन तास मोकळे आहेत. तरी तो खेळत नाही. "आता आपलं काय वय राह्यलं का बाप्पा!"

गंमत अशी की व्हॉलीबॉल हा खेळ याच माणसासाठी काढला होता. पोट सुटलेल्या, दिवसभर दुकानात नाहीतर ऑफिसात बसणाऱ्या, दम लवकर लागणाऱ्या माणसासाठी. ज्याने तो काढला त्या विल्यम मॉर्गनचं नाव आपल्याकडच्या स्पर्धांच्या बॅनरवर दिसत नाही. त्याने ठरवलेली मापं मात्र आजही कामाची आहेत, आणि ती आपल्या ग्राऊंडवर कशी आणायची हेच इथे सांगायचं आहे.

विल्यम जी. मॉर्गन, जन्म २३ जानेवारी १८७०, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात एरी कालव्यावरच्या लॉकपोर्ट गावचा. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन या शाळेत शिकत असताना त्याची गाठ जेम्स नाइस्मिथशी पडली. हा नाइस्मिथ म्हणजे १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डला बास्केटबॉल काढणारा. मॉर्गनचा फुटबॉल पाहून त्याने त्याला स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत ये म्हटलं आणि मॉर्गन गेला. तिथे व्यायामशिक्षक घडवले जात आणि गावोगावच्या वायएमसीएमध्ये पाठवले जात. आपल्याकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून निघालेले पी.टी.चे सर जसे विदर्भातल्या शाळाशाळांत पोचले, तसाच काहीसा प्रकार.

शिक्षण संपल्यावर मॉर्गन पुढे होलिओक या गावच्या वायएमसीएत व्यायाम विभागाचा प्रमुख झाला. होलिओक हे कागदाच्या गिरण्यांचं गाव, स्प्रिंगफिल्डपासून जवळच. तिथे त्याच्याकडे तरुण होते तसे व्यापारी आणि ऑफिसात काम करणारे पुरुषही येत. तरुणांना बास्केटबॉल आवडला. मोठ्या माणसांना तो झेपेना. धावायचं सतत, अंगावर अंग आदळणार, कोपर बरगडीत बसणार आणि दुसऱ्या दिवशी कामावर लंगडत जायचं. मॉर्गनपुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता : या माणसांना घाम यावा, मन रमावं, पण कोणी कोणाला धक्का देऊ नये.

टेनिस त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पण टेनिसला रॅकेटी लागतात, सामान लागतं, आणि एका वेळी दोघं नाहीतर चौघंच खेळतात. म्हणून रॅकेट गेली, जाळी राहिली. जाळी हीच या खेळाची खरी युक्ती. दोन बाजूंच्या मधे जाळी आली की धक्काबुक्की आपोआप थांबते, त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. सरासरी माणसाच्या डोक्याच्या जरा वर, म्हणजे जमिनीपासून ६ फूट ६ इंचांवर त्याने ती बांधली. बेसबॉलमधून डावाची कल्पना घेतली. सन १८९५. खेळाला नाव दिलं 'मिंटोनेट', बॅडमिंटनवरून. त्या बॅडमिंटनला एके काळी 'पूना' असंही म्हणत, कारण ब्रिटिश अधिकारी ते पुण्यात खेळत. म्हणजे ओढूनताणून का होईना, महाराष्ट्राचा एक धागा या जाळीत आहे.

बॉलचा प्रश्न मात्र चटकन सुटला नाही. बास्केटबॉल जड, तो मनगटावर घेतला तर हात झिणझिणतो. मग नुसतं आतलं ब्लॅडर वापरून पाहिलं, तर ते इतकं हलकं की हवेत तरंगतच राही. शेवटी खेळाचं सामान बनवणाऱ्या स्पाल्डिंग कंपनीकडून मुद्दाम वेगळा बॉल बनवून घेतला : आत रबरी ब्लॅडर, वर चामडं, घेर २५ ते २७ इंच, वजन ९ ते १२ औंस. म्हणजे ६३.५ ते ६८.६ सेंटिमीटर, आणि २५५ ते ३४० ग्रॅम. आजचा अधिकृत बॉल ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा आणि २६० ते २८० ग्रॅम वजनाचा असतो. सव्वाशे वर्षांत जाळी वर गेली, मैदान बदललं, गुणांची पद्धत बदलली. बॉल त्याच मापात फक्त थोडा आवळला गेला. एखाद्याचा अंदाज पहिल्याच फटक्याला किती बरोबर असावा!

१८९६ मध्ये स्प्रिंगफिल्डला व्यायामशिक्षकांची परिषद होती. मॉर्गन आपले दहा गडी घेऊन गेला, पाच-पाचांच्या दोन टीम. एका टीमचा कॅप्टन होलिओकचा महापौर, दुसऱ्याचा तिथल्या अग्निशमन दलाचा प्रमुख. आपल्या भाषेत सांगायचं तर एकीकडे सरपंच, दुसरीकडे ठाणेदार. खेळ कोणासाठी आहे हे सांगायला याहून चांगली टीम निवडता आली नसती. तो पाहून आल्फ्रेड हॉलस्टेड नावाच्या प्राध्यापकाने सुचवलं की बॉल जमिनीला न टेकू देता हवेतल्या हवेत परतवायचा, त्याला इंग्रजीत 'व्हॉली' म्हणतात, तर नावही तेच ठेवा. मॉर्गनने हट्ट धरला नाही. मिंटोनेट गेलं, व्हॉलीबॉल आलं.

आता त्याचे मूळ नियम पाहू, कारण आपल्याला ते खेळायचे आहेत.

मैदान २५ फूट रुंद, ५० फूट लांब. जाळीच्या दोन्ही बाजूंना २५ बाय २५ चा चौरस. जाळी किमान २ फूट रुंद आणि २७ फूट लांब, खांब बाजूच्या रेषेपासून किमान एक फूट बाहेर. खेळाडू किती? सोयीने, जमतील तितके. मात्र एका माणसाने साधारण १० बाय १० फूट जागा सांभाळावी असा त्याचा हिशेब होता. २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ चौरस फूट, भागिले १०० : सहा माणसं. एका बाजूला सहाच असा नियम १९१८ मध्ये आला, पण मॉर्गनच्या हिशेबात तो आकडा आधीपासून दडलेला होता.

सामना नऊ डावांचा. तीन किंवा जास्त माणसं असली की एका डावात प्रत्येक बाजूचे तिघं पाळीने सर्व्हिस करणार. सर्व्हिस करणारा, त्याच्या बाजूकडून बॉल परतवायचा राहीपर्यंत सर्व्हिस करत राहतो. राहिला की तो बाद, पुढचा येतो. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. समोरच्यांनी रॅली, म्हणजे एका सर्व्हिसनंतरची बॉलची देवाणघेवाण, जिंकली तर त्यांना गुण नाही, त्यांनी फक्त एक माणूस बाद केला. नऊ डावांनंतर ज्यांचे गुण जास्त ते जिंकले. विटी-दांडू खेळलेल्याला हे दोन मिनिटांत कळतं.

सर्व्हिस करताना एक पाय मागच्या रेषेवर, बॉल हाताने मारायचा, आणि टेनिससारख्या दोन संधी. यातली सगळ्यात मोठ्या मनाची तरतूद अशी : बॉल किमान १० फूट गेला पाहिजे, पुढे तो जाळीत जाणार असं दिसलं तर आपल्याच बाजूच्या दुसऱ्याने त्याला वाटेत हात लावून पलीकडे पोचवला तरी चालतं. तो आत पडला तर सर्व्हिस बरोबर. मात्र मदत करूनही बाहेर गेला तर दुसरी संधी गेली. ज्याच्या खांद्यात जोर नाही, ज्याचा बॉल जाळीपर्यंत पोचतच नाही, तोही या नियमामुळे खेळू शकतो.

आजच्या सवयीला हिसका देणारे दोन नियम आहेत. एक, रेषेवर पडलेला बॉल तेव्हा बाहेर धरत. आज तो आत असतो. दोन, खेळ चालू असताना बॉल जाळीला लागला की चूक. आज जाळीला लागून पलीकडे गेला तर चालतो. या दोन्हींत जुनं धरायचं की आजचं ते पहिल्या सर्व्हिसच्या आधी ठरवा, मोठ्याने सांगा. नाहीतर भांडण तिथेच होतं आणि ते शेताच्या धुऱ्याच्या भांडणासारखं लांबतं. भांडणांवरही मॉर्गनची तरतूद होती : पंचाशी बोलायचं ते फक्त कॅप्टनने. दुसऱ्या कोणी पंचाला किंवा समोरच्या खेळाडूला टोमणे मारले तर त्याला बाहेर काढता येई. हा नियम आपल्या रात्रीच्या स्पर्धांमध्ये एका हंगामापुरता लावला तर किती माणसं मैदानात उरतील, सांगता येत नाही.

बॉल किती वेळा हात बदलून पलीकडे द्यायचा, याला मर्यादा नव्हती. तीन स्पर्शांचा नियम १९२० च्या सुमारास आला. त्याच्या आधी, १९१६ मध्ये फिलिपिन्समध्ये बॉल उंच उचलून वरून हाणायची पद्धत निघाली, तिला ते लोक 'बॉम्बा' म्हणत. तिथून हा खेळ उडी मारणाऱ्यांचा झाला. जाळी १९०० मध्येच साडेसात फुटांवर गेली होती, पुढे आठ फुटांवर गेली. आजची पुरुषांची २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर.

तेव्हा मोठ्या माणसांसाठी मॉर्गनचा खेळ परत उभा करायचा, तर पहिलं काम ग्राऊंडचं. चांगली गोष्ट अशी की आजच्या १८ बाय ९ मीटरच्या मैदानात त्याचं मैदान सहज मावतं. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर, ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर. दोन्ही बाजूंना सुमारे ६९ सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना १ मीटर ३८ सेंटिमीटर आत सरकून आखलं की झालं. एकाच जागी दोन मैदानं. बाहेरचं पांढऱ्या फक्कीने आखा, आतलं गेरूने, म्हणजे गोंधळ नाही.

ज्या गावात ग्राऊंडच नाही, त्यांनी आधी मातीकडे बघावं. आपली काळी जमीन कपाशीला चांगली, खेळायला वाईट. पाणी पडलं की फुगते, चप्पल धरून ठेवते. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेगेत टाच अडकली की घोटा मुरगळलाच. तिच्यावर नुसतं रोलर फिरवून काही होत नाही. मुरूम पाहिजे. मैदान आणि भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर २२ बाय १३ मीटर, म्हणजे २८६ चौरस मीटर होतात. दाबून चार इंच थर हवा असेल तर साधारण १० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मुरूम दबतो, म्हणून आणताना १३ ब्रासचा हिशेब ठेवा. मोकळी जागा तीन मीटर ठेवता आली तर उत्तम, मग १६ ब्रास लागतील.

आधी वरचं गवत आणि मुळं काढायची. हरळी राहिली तर ती मुरूम फोडून वर येतेच. मग मुरूम दोन थरांत टाकायचा, एकदम नाही. एकदम चार इंच टाकून रोलर फिरवला की वरचा पापुद्रा कडक होतो, खालचं भुसभुशीत राहतं आणि पहिल्या पावसात खड्डे पडतात. पहिला थर, संध्याकाळी पाणी, सकाळी ओल हाताला चिकटेनाशी झाली की रोलर. ओला चिखल असताना फिरवलात तर मुरूम रोलरलाच चिकटून येतो. वरच्या थराचा मुरूम चाळून घ्या. अंगठ्याएवढा खडा जरी वर राहिला तरी गुडघा टेकणाऱ्याला तो आठवडाभर पुरतो.

उतार द्यायचा तो मीटरला ५ मिलिमीटर. उघड्यावरच्या मैदानाला नियमातही तेवढाच चालतो. मधल्या रेषेपासून दोन्ही टोकांकडे उतार ठेवला तर नऊ मीटरला साडेचार सेंटिमीटर होतो. रुंदीकडे उतार दिला की जाळीची उंची मधे एक आणि कडेला दुसरी होऊन बसते, म्हणून लांबीकडेच द्या. आणि मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवली तर खेळायच्या वेळेला, म्हणजे बरोबर साडेपाचला, एका बाजूच्या डोळ्यांत सूर्य.

काटकोन डोळ्यांनी धरू नका. चार खुंट्या ठोकल्यावर कर्ण मोजा : १८ बाय ९ चा कर्ण २० मीटर १२ सेंटिमीटर आला पाहिजे, दोन्हीकडून सारखा. मॉर्गनच्या एका चौरसाचा कर्ण ३५ फूट ४ इंच. रेषा ५ सेंटिमीटर रुंद, आणि ती रेषा मैदानाच्या मापात धरलेली असते, बाहेर नाही. पुष्कळ ठिकाणी रेषेच्या जागी विटा पुरतात किंवा नायलॉनची दोरी खिळ्यांनी ठोकतात. कायमची आखणी होते हे खरं, पण उघड्या मैदानावर कडक वस्तूच्या रेषांना नियमातच मनाई आहे, आणि ती उगाच नाही. विटेची धार अंगठ्याचं नख उचलते. फक्की पुन्हापुन्हा मारावी लागते, ती मारावी. कळीचा चुना मात्र वापरू नका. डोळ्यात गेला तर भाजतो, घामाच्या अंगालाही लागतो. रांगोळीची भुकटी बरी.

खांब. लाकडी बल्ली स्वस्त पडते, पण जमिनीलगतच कुजते नाहीतर वाळवी खाते, आणि मोडते ती जाळी ताणलेली असताना. तीन इंची जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, घ्या, एकूण साडेअकरा फूट : अडीच मीटरच्या थोडा वर राहील, तीन फूट जमिनीत. खड्डा दीड फूट चौरस आणि तीन फूट खोल. काँक्रीट एकास दोन चार (सिमेंट, वाळू, गिट्टी). काळ्या जमिनीत काँक्रीटच्या भोवती मुरूम ठोकून भरा, नाहीतर पावसाळ्यात माती फुगून खांब सरकतो. किमान आठ दिवस पाणी मारत राहा. दुसऱ्याच दिवशी जाळी ताणण्याचा मोह होतो, आणि मग दोन्ही खांब नमस्कार केल्यासारखे एकमेकांकडे झुकतात. रोवतानाच प्रत्येक खांब बाहेरच्या बाजूला किंचित कललेला ठेवला तर ताण बसल्यावर तो सरळ येतो. खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर. तारेचे ताण बांधून खांब उभे करायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण तीही नियमात बसत नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती तार दिसत नाही, आणि बॉलमागे धावणारा माणूस तर कधीच खाली बघत नाही.

जाळीची बाजारात मिळणारी रुंदी १ मीटर, लांबी साडेनऊ ते दहा मीटर, चौकडी १० सेंटिमीटरची. मॉर्गनच्या खेळालाही तीच चालते. वरच्या पट्टीतून सुतळी नको, तार ओवा. सुतळी ओली झाली की आकसते, वाळली की सैल पडते, आणि जाळीचं पोट खाली येतं. उंची मोजायची ती मैदानाच्या मध्यावर. बाजूच्या रेषांवरची उंची दोन्हीकडे सारखी हवी आणि मध्यापेक्षा फार तर २ सेंटिमीटर जास्त. टेप शोधत बसण्यापेक्षा एक बांबू घ्या, त्यावर करवतीने तीन खाचा करा : १.९८, २.२४ आणि २.४३ मीटर. पहिली खाच मॉर्गनची. खेळ संपला की जाळी काढून ठेवा. रात्रभर टांगलेल्या जाळीचं आयुष्य ऊन आणि शेळ्या दोघं मिळून खातात.

बॉलमधल्या हवेची चूक सगळ्यात जास्त होते. नियमात दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर मोटारसायकलच्या टायरसाठी असतो. तिथून भरलेला बॉल दगड होतो, मनगट लाल करतो आणि शिवणीतून फुगायला लागतो. हातपंप वापरा, आणि चार रुपयांची सुई वाचवण्यासाठी बॉल फाडू नका. सुई पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून घाला. तेलात नको, तेलाने रबर खराब होतं. अंगठा जोराने दाबल्यावर बॉल किंचित दबला पाहिजे. त्यातही आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब वेगळा. थंडीतल्या सकाळी २० अंशांना बरोबर ०.३० भरलेला बॉल एप्रिलच्या दुपारी ४५ अंशांत ०.४० च्या वर जातो. म्हणून उन्हाळ्यात खेळायच्या वेळेलाच हवा तपासायची आणि बॉल मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवायचा नाही.

आता खेळणाऱ्यांबद्दल. मॉर्गनच्या नियमांसोबत सूचना होत्या, त्या आजही वाचाव्या अशा : बॉल दोन्ही हातांनी मारा, समोर मोकळी जागा कुठे आहे ती बघा, आपली जागा सांभाळा, शक्य असेल तेव्हा बॉल आपल्यातल्या दुसऱ्याला द्या, नजर सतत खेळावर ठेवा. यात उडी नाही, जोर नाही. पन्नाशीच्या माणसाला लागणारं सगळं आहे.

एक नियम आपण आपल्यातर्फे घालावा : बॉल हातातून निघताना वर जाणारा असला पाहिजे, खाली हाणायचा नाही. मॉर्गनच्या वेळी स्मॅश नव्हताच, त्यामुळे त्याला हे लिहावं लागलं नाही. साडेसहा फुटांच्या जाळीवर आजचा पंचविशीचा पोरगा जागेवर उभा राहून स्मॅश मारेल आणि समोरच्या काकांचा चष्मा जाईल. त्याला खेळायचं असेल तर दोन्ही हातांनी, खालून वर. सुरुवातीला तो हसतो. दहा मिनिटांत त्याच्या लक्षात येतं की जोर काढून घेतल्यावर जागा शोधणं जास्त अवघड आहे.

दुखापती ठरलेल्या असतात. बॉल बोटांच्या टोकावर घेतला की बोट मुडपतं. बोटं पसरून, किंचित वाकवून, कपाळाच्या वर बॉल घ्यायचा. खाली आला तर दोन्ही मनगटं जोडून, कोपर सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून. कंबरेतून वाकणाऱ्याची पाठ तिसऱ्या दिवशी धरते. पोटरी भरते ती थंड अंगाने धावल्यावर, म्हणून आधी दहा मिनिटं मैदानाभोवती चालणं, हातपाय मोकळे करणं. हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारूनच उतरावं. बीपीची गोळी चालू असणाऱ्यानेही. घोटा मुरगळतो तो बहुतेक जाळीखाली, समोरच्याच्या पायावर पाय पडून. उडी नसली की हा प्रकार जवळजवळ बंद होतो. नऊ डाव पहिल्या आठवड्यात जड जातील; पाचांनी सुरुवात करा.

आणि चप्पल घालून खेळू नका. हे लिहावं लागतं.

मॉर्गनचं पुढे काय झालं? तो वायएमसीएच्या नोकरीत राहिला नाही. जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस अशा कंपन्यांत काम केलं. खेळ त्याच्याशिवाय जगभर गेला, वायएमसीएच्या शिक्षकांसोबत : आधी कॅनडा, मग क्यूबा, जपान, चीन, फिलिपिन्स. भारतातही वायएमसीएनेच आणला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकलेल्या शिक्षकांनी तो शाळांपर्यंत नेला. मॉर्गन २७ डिसेंबर १९४२ रोजी लॉकपोर्टलाच वारला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९४७ मध्ये पॅरिसला झाला, भारताचा महासंघ १९५१ मध्ये, ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल आला तो १९६४ मध्ये टोकियोला. यातलं काहीच त्याने पाहिलं नाही. होलिओकला आता व्हॉलीबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, तिथे १९८५ मध्ये पहिलं नाव त्याचं लागलं. १९९५ पासून अमेरिकेतल्या उत्तम कॉलेज खेळाडूला, मुलांत एक आणि मुलींत एक, त्याच्या नावाची ट्रॉफी देतात. ती अर्थातच उंच उडी मारणाऱ्यांना मिळते.

ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने नवीन खांब करायला टाकले असतील तर वेल्डरला आत्ताच सांगून ठेवा : प्रत्येक खांबाला तीन कड्या. वरची पोट्ट्यांसाठी, मधली पोरींसाठी, आणि खालची १.९८ वर. जाळी मधे दोन सेंटिमीटर झोल घेते, म्हणून कड्या तेवढ्या वर, म्हणजे २.४५, २.२६ आणि २ मीटरवर. ही मापं पाइपच्या खालच्या टोकापासूनची नाहीत, जमिनीपासूनची. खांब तीन फूट आत जाणार आहे हे वेल्डरला दोनदा सांगा. कडीची वाकलेली बाजू मैदानाबाहेर, म्हणजे कोणाचा हात फाटणार नाही. तिसऱ्या कडीची मजुरी फार नसते, खांब एकदा रोवल्यावर मात्र ती जोडायला वेल्डिंगचं मशीन आखरावर न्यावं लागतं.